बागुआशान: टेकडीवरचा काळा बुद्ध

पश्चिम तैवानमधल्या चांगहुआ शहराच्या पूर्वेला बागुआशान ही टेकडी आहे. उंची जेमतेम शंभरेक मीटर, पण भोवती सपाट मैदान असल्याने माथ्यावरच्या उद्यानातून सगळे शहर पायथ्याशी पसरलेले दिसते. हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेकडे नजर दूरपर्यंत जाते.

माथ्यावर कमळासनावर बसलेली बुद्धाची काळी मूर्ती आहे. सुमारे 22 मीटर उंचीची ही काँक्रीटची मूर्ती 1961 मध्ये पूर्ण झाली. ती आतून पोकळ आहे, आणि खरे आकर्षण तिथेच आहे. जिन्याने मजले चढताना बुद्धाच्या जीवनातले प्रसंग पुतळ्यांतून उलगडत जातात. बाहेर, मूर्तीकडे येणाऱ्या वाटेच्या दोन्ही बाजूंना ग्वानयिनच्या मूर्ती ओळीने उभ्या आहेत. ग्वानयिन म्हणजे अवलोकितेश्वराचे चिनी परंपरेतले करुणामय रूप. ही वाट घाईने ओलांडू नये. मूर्तीच्या मागे बौद्ध मंदिरही आहे.

ऑगस्ट 1895 मध्ये जपानी सैन्य आणि स्थानिक प्रतिकारक यांच्यात याच टेकडीवर मोठी लढाई झाली.

भेटीसाठी मार्च उत्तम. उत्तरेकडे स्थलांतर करणारे करड्या तोंडाचे शिकरे तेव्हा थव्याने या टेकडीवरून जातात, म्हणून दुर्बीण जवळ असावी.