वैद्यकीय बिलांतील विशेषक : ते केव्हा लावावे ?

वाशीमच्या बाजार समितीत सोयाबीनची पोती उतरली म्हणजे व्यापारी प्रथम दाणे मुठीत घेतो, यंत्राने ओलावा पाहतो आणि मगच भाव बोलतो. माल तोच, नावही तेच. परंतु ओलावा ठरलेल्या प्रमाणाहून अधिक निघाला की भाव खाली येतो. हा ओलावा न मापता कोणी अंदाजाने लिहू लागला, तर एक तर शेतकरी बुडेल, नाही तर व्यापारी. मापून लिहिलेला आकडा मात्र दोघांनाही मान्य करावा लागतो.

वैद्यकीय बिलांच्या व्यवहारात मूळ नोंदीला जोडल्या जाणाऱ्या अशाच टिपेला ‘मॉडिफायर’ म्हणतात. मराठीत त्यास ‘विशेषक’ म्हणावयास हरकत नाही. अमेरिकेतील रुग्णालयांच्या कागदपत्रांना संकेतांक लावण्याचे काम आज भारतातील अनेक शहरांतून चालते. जीवशास्त्र, औषधनिर्माण किंवा परिचर्या यांचे शिक्षण झालेल्या वाशीम, कारंजा, रिसोडकडील मुलामुलींनाही हा मार्ग खुला आहे. घरातील वडीलधाऱ्यांना मात्र हे काम नेमके काय, आणि त्यात शिकण्यासारखे अवघड ते काय, याचा उलगडा सहसा होत नाही.

अमेरिकन मेडिकल असोसिएशन या संस्थेने १९६६ साली वैद्यकीय कृतींच्या संकेतांकांचा ग्रंथ प्रथम प्रसिद्ध केला. त्यास सीपीटी म्हणतात. त्यात डॉक्टरांच्या बहुतेक प्रत्येक कृतीस पाच स्थानांचा एक संकेतांक आहे. छातीच्या क्ष-किरण चित्राचा निराळा, चामखीळ काढण्याचा निराळा, नुसत्या तपासणीचा निराळा. परंतु प्रत्यक्षात घडलेले सारे काही या पाच आकड्यांत मावत नाही. एकच शस्त्रक्रिया उजव्या गुडघ्यावर झाली की डाव्या, एका बाजूस झाली की दोन्ही, पूर्ण झाली की मध्येच थांबवावी लागली, हे मूळ संकेतांक सांगत नाही. ते सांगण्यासाठी त्याच्यापुढे दोन अक्षरे किंवा दोन अंक लिहितात. ‘आरटी’ म्हणजे उजवी बाजू, ‘एलटी’ म्हणजे डावी, ‘५०’ म्हणजे दोन्ही बाजू, ‘५३’ म्हणजे रोग्याच्या जीविताला धोका दिसल्यामुळे थांबवलेली कृती. आपल्या व्याकरणात ‘राम’ या शब्दाला ‘ने’ लागला तर तो कर्ता होतो, ‘ला’ लागला तर बहुधा कर्म होतो. शब्द बदलत नाही, वाक्यातील त्याचे नाते बदलते. विशेषकाचे कार्य याच जातीचे आहे.

या खुणा पाठ करणे कठीण नाही. त्या केव्हा लावाव्या आणि केव्हा लावू नयेत, हे ओळखणे कठीण. सोपे उदाहरण प्रथम घेऊ. छातीचे क्ष-किरण चित्र एका रुग्णालयाच्या यंत्रावर काढले गेले आणि ते वाचून अभिप्राय बाहेरच्या स्वतंत्र डॉक्टरने दिला. मूळ संकेतांकात यंत्र, फिल्म, तंत्रज्ञ आणि वाचन या सर्वांचे मोल एकत्र धरलेले आहे. म्हणून डॉक्टर आपल्या बिलात ‘२६’ हा विशेषक लावून केवळ वाचनाचे शुल्क मागतो. यंत्राच्या बाजूचे शुल्क वेगळे मागावयाचे असेल तेव्हा ‘टीसी’ लावतात. दोघांनीही विशेषकावाचून बिल पाठवले, तर एकाच चित्राचे पैसे दोनदा मागितल्यासारखे होते.

याहून नाजूक प्रश्न ‘२५’ या विशेषकाचा आहे. समजा, एक गृहस्थ आधी ठरल्याप्रमाणे हातावरील चामखीळ काढून घेण्यास आले. डॉक्टरांनी जागा पाहिली, दोन प्रश्न विचारले आणि चामखीळ काढली. हे पाहणे व विचारणे त्या कृतीतच अंतर्भूत आहे. त्याचे वेगळे शुल्क मागता येत नाही. परंतु त्याच भेटीत त्यांनी चढ चढताना दम लागतो असे सांगितले, डॉक्टरांनी छाती तपासली, रक्तदाब पाहिला आणि नवे औषध लिहून दिले, तर ती एक स्वतंत्र व महत्त्वाची तपासणी झाली. अशा वेळी तपासणीच्या संकेतांकाला ‘२५’ जोडावयाचा. चामखिळीच्या संकेतांकाला नव्हे. शिकाऊ मंडळी येथेच बहुधा चुकतात. दोन्ही कामांसाठी दोन निरनिराळे रोग असलेच पाहिजेत असाही नियम नाही. काम वेगळे झाले होते काय, आणि ते टिपणात दिसते काय, एवढेच पाहावयाचे.

सर्वांत जपून वापरावयाचा विशेषक म्हणजे ‘५९’. एका कृतीत दुसरी सामावलेली असताना दोहोंचे पैसे मागितले जाऊ नयेत, यासाठी अमेरिकेच्या सरकारी विमा यंत्रणेने १९९६ पासून कृतींच्या जोड्यांची यादी अमलात आणली. एखाद्या गाठीचा तुकडा तपासणीस घेतला आणि त्याच बैठकीत ती सबंध गाठ कापून काढली, तर तुकडा घेण्याचे वेगळे शुल्क मिळत नाही. पण तुकडा डाव्या दंडावरील गाठीचा आणि कापलेली गाठ उजव्या दंडावरील, असे असेल तर ही दोन कामे खरोखरच निराळी होत. तेथे ‘५९’ योग्य ठरतो. यादीतील प्रत्येक जोडीपुढे एक निर्देशक अंक असतो. तो ‘०’ असल्यास कोणत्याही विशेषकाने वाट मिळत नाही, ‘१’ असल्यास योग्य कारणाने मिळते. ‘५९’ चा वापर सैल होऊ लागला, म्हणून २०१५ पासून त्याच्या जोडीस ‘एक्सई’, ‘एक्सएस’, ‘एक्सपी’ आणि ‘एक्सयू’ असे चार अधिक नेमके विशेषक देण्यात आले. वेगळी भेट, वेगळा अवयव, वेगळा डॉक्टर आणि नेहमीच्या कामात न मोडणारी वेगळी सेवा, असे त्यांचे अनुक्रमे अर्थ आहेत.

मोह येथेच उत्पन्न होतो. संगणकाने बिल अडवले, ‘५९’ लावला आणि बिल सुटले, असा अनुभव एकदा आला की हात आपोआप तिकडे वळू लागतो. कुलूप उघडले म्हणजे घर आपले झाले असे मात्र नव्हे. पुढे तपासणी झाली आणि डॉक्टरांच्या टिपणात दुसऱ्या जागेचा उल्लेखच सापडला नाही, तर घेतलेले पैसे परत करावे लागतात. चूक जाणूनबुजून केली असे ठरले, तर अमेरिकेत १८६३ पासून चालत आलेल्या खोट्या मागण्यांच्या कायद्याखाली दंड होतो. याच्या उलट, भीतीपोटी योग्य विशेषकही न लावणारा कारकून डॉक्टरच्या न्याय्य श्रमांचे मोल बुडवतो. दोन्ही बाजूंनी अन्यायच होतो.

हा विषय केवळ सातासमुद्रापलीकडचा आहे असे समजू नये. २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेतही प्रत्येक उपचारास संकेतांक व ठरावीक दर आहे. एकाच वेळी अनेक शस्त्रक्रिया झाल्यास सर्वांत मोठीचे शंभर टक्के, दुसरीचे पन्नास आणि तिसरीचे पंचवीस टक्के, असा नियम तीत घालण्यात आला. आकांक्षित जिल्ह्यांतील रुग्णालयांना मूळ दरावर दहा टक्के अधिक देण्याची तरतूदही तीत ठेवली गेली, आणि २०१८ साली जाहीर झालेल्या आकांक्षित जिल्ह्यांत महाराष्ट्रातील नंदुरबार, गडचिरोली व उस्मानाबाद (आजचे धाराशिव) यांच्याबरोबर वाशीमचेही नाव होते. दोन अक्षरांची खूण येथे नसली तरी तत्त्व तेच. मूळ दर एक, आणि परिस्थितीच्या पुराव्याने त्यात होणारा फेर दुसरा. आपल्या राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे कागद देताना उजवा की डावा, एक की दोन, हे रोग्याच्या नातलगांनी एकदा वाचून पाहिले, तर पुढील पुष्कळ अडचण टळते.

नव्याने शिकणाऱ्याने प्रत्येक विशेषकापूर्वी स्वतःस तीन प्रश्न विचारावेत. मूळ संकेतांकात हे काम आधीच धरलेले आहे काय ? नसल्यास, ते वेगळे होते हे टिपणात स्पष्ट लिहिले आहे काय ? आणि या परिस्थितीस ‘५९’ पेक्षा अधिक नेमका विशेषक उपलब्ध आहे काय ? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आले, तर तर्क करू नये. डॉक्टरांना विचारावे. जे लिहिले नाही ते झाले नाही, असेच या व्यवसायात मानतात. रात्री दोन वाजता, काम उरकण्याची घाई असताना, हा नियम पाळणे सोपे नसते. परंतु ज्या रोग्याचा कागद समोर आहे तो कधीही दृष्टीस पडणार नसला, तरी त्याच्या देहावर काय घडले याची ती लेखी साक्ष आहे. आणि ओलावा न मापता लिहिणाऱ्या तोलाऱ्याच्या शब्दावर बाजारात पुन्हा कोणी विश्वास ठेवीत नाही.