कुलूप आले, पण दुकान केव्हाच हलले

गुगलच्या नव्या नियमाचा मथळा एव्हाना सगळ्यांच्या नजरेखालून गेला आहे. सप्टेंबर 2026 पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, आणि 2027 पासून टप्प्याटप्प्याने जगभर, ज्या डेव्हलपरने आपली ओळख पटवून दिलेली नाही त्याचे अ‍ॅप प्रमाणित अँड्रॉइड फोनवर सहजासहजी बसणार नाही. ऑगस्ट 2025 मध्ये ही घोषणा झाली तेव्हा कारण सांगितले गेले ते सुरक्षेचे. इंटरनेटवरून थेट उतरवलेल्या अ‍ॅपमध्ये प्ले स्टोअरच्या 50 पटींहून अधिक घातक सॉफ्टवेअर सापडते, असा गुगलचा हिशेब. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी, विशेषतः मुक्त अ‍ॅपचे भांडार चालवणाऱ्या एफ-ड्रॉइडने, त्यावर रान उठवले. नोव्हेंबरमध्ये गुगलने जाणकार वापरकर्त्यांसाठी वेगळी वाट ठेवण्याचे कबूल केले. या गदारोळात मोबाइल गेम बनवणारे छोटे स्टुडिओ मात्र कुणाच्या फारसे ध्यानात आले नाहीत. वास्तविक हा नियम सर्वांत थेट आडवा येणार आहे तो त्यांच्या चोरांना.

अँड्रॉइड अ‍ॅप ज्या फाइलमधून येते ती एपीके म्हणजे शेवटी एक झिप फाइल. ती उघडायची, परवाना तपासणारा तुकडा काढून टाकायचा, पुन्हा बांधायची आणि आपल्याच किल्लीने डिजिटल सही ठोकायची, की 'मॉड एपीके' तयार. मूळ स्टुडिओची सही चोराकडे नसते, पण आजवर तिच्यावाचून काही अडतही नव्हते, कारण सही कुणाची आहे याच्याशी फोनला देणेघेणे नव्हते. आता अ‍ॅपचे पॅकेज-नाव आणि सहीची किल्ली, दोन्ही ओळख पटलेल्या माणसाच्या किंवा संस्थेच्या नावावर नोंदवावी लागतील. फुकटचा माल वाटणाऱ्याने स्वतःचे ओळखपत्र जमा करायचे म्हणजे पंचाईतच.

उपाय चांगला आहे. फक्त तो पंधरा वर्षे उशिरा आला आहे. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच. कारण मधल्या काळात छोट्या स्टुडिओंनी चोरीवरचा उपाय आपला आपणच शोधून काढला: त्यांनी गेम विकणेच सोडून दिले.

कुलपे याआधीही लावून झाली होती. जुलै 2010 मध्ये गुगलने परवाना तपासणारी एक व्यवस्था डेव्हलपरांच्या हाती दिली. महिनाभरातच ती कशी निकामी करता येते याचे प्रात्यक्षिक जगापुढे आले. गुगलचे उत्तर असे होते की आम्ही नमुना दिला आहे, तो जसाच्या तसा न वापरता प्रत्येकाने आपापल्या परीने गुंतागुंतीचा करून घ्यावा. तीन-चार माणसांच्या स्टुडिओला हा सल्ला म्हणजे नुसताच तोंडाला पाने पुसण्याचा प्रकार. गेम बनवायचा, की त्याच्याभोवती तटबंदी उभारत बसायचे? आयफोनवर जेलब्रेक करणाऱ्यांसाठी, म्हणजे फोनची बंधने तोडणाऱ्यांसाठी, चोरीच्या अ‍ॅपचे 'इन्स्टॉलस' हे दुकान होते. ते डिसेंबर 2012 मध्ये बंद पडले, तर पुढे कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी ॲपलने दिलेल्या प्रमाणपत्रांचा गैरवापर करून 'टुटूअ‍ॅप'सारखी दुकाने उभी राहिली.

पोलिसी मार्गही चोखाळून झाला. ऑगस्ट 2012 मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने अँड्रॉइड अ‍ॅप फुकट वाटणारी तीन संकेतस्थळे जप्त केली. मोबाइल अ‍ॅपच्या चोरीसाठी अशी जप्ती होण्याची ती पहिलीच वेळ. त्यांपैकी 'अ‍ॅपबकेट'ने दहा लाखांहून अधिक प्रती वाटल्या होत्या आणि त्यांची एकूण किंमत सात लाख डॉलरहून अधिक होती, असे सरकारने सांगितले. भागाकार केला तर एका प्रतीमागे जेमतेम 70 सेंट येतात. लोक ज्याची चोरी करत होते ती वस्तू मुळात इतकी स्वस्त होती.

त्याच सुमारास, जुलै 2012 मध्ये, चेक प्रजासत्ताकातल्या बर्नो शहरातील 'मॅडफिंगर गेम्स'ने हात टेकले. त्यांच्या 'डेड ट्रिगर'ची अँड्रॉइडवरची किंमत होती 99 सेंट. चोरी कल्पनेपलीकडची आहे असे जाहीर करून त्यांनी तो फुकट केला, आणि काही दिवसांत आयफोनवरही. खेळणाऱ्याला एक डॉलर वाचल्याचा आनंद झाला. व्यवसायाला मात्र संदेश गेला की किंमत शून्यावर आणली तरच चोराची स्पर्धा संपते.

चोरीचे आकडे मात्र जपून वाचावे लागतात. जानेवारी 2015 मध्ये लंडनच्या 'असटू' स्टुडिओने 'मॉन्युमेंट व्हॅली'बद्दल ट्विट केले: अँड्रॉइडवर जितक्या फोनांत हा गेम बसवला गेला, त्यांतले फक्त 5 टक्के पैसे भरलेले, आयफोन-आयपॅडवर 40 टक्के. जगभर मथळे झाले ते '95 टक्के चोरी' असे. पण आयफोनवर गेम चोरणे तेव्हाही खटपटीचे काम होते. मग तिथले उरलेले 60 टक्के सगळेच चोर कसे? एकाने एकदा पैसे भरून फोनवर आणि टॅबलेटवर घेतलेला गेम यात दोनदा मोजला जातो. हे स्टुडिओनेही मान्य केले, पण एवढ्याने सगळी तफावत भरून निघत नाही असेही सांगितले. शिवाय याच स्टुडिओने त्या महिन्यात आपला जमाखर्चही उघड केला. गेम बनवायला साडेआठ लाख डॉलर लागले होते आणि वर्षभरात 58 लाख डॉलर आले होते. चोरी अफाट होती आणि धंदाही उत्तम होता, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी होती. चोरी झालेली प्रत्येक प्रत म्हणजे बुडालेली विक्री, हे गणित वकिलांना सोयीचे असते. ज्याच्याकडे क्रेडिट कार्डच नाही तो मुलगा गिऱ्हाईक नव्हताच, त्यामुळे तो गमावण्याचा प्रश्नही येत नाही.

या सगळ्या कहाणीतला सर्वांत खोडकर प्रयोग दोन भावांनी केला. पॅट्रिक आणि डॅनियल क्लुग यांच्या 'ग्रीनहार्ट गेम्स'ने एप्रिल 2013 मध्ये 'गेम डेव्ह टायकून' बाजारात आणला. गॅरेजमध्ये गेम कंपनी काढून ती मोठी करत न्यायची, असा हा खेळ. तेव्हा तो फक्त संगणकावर होता, पण त्याची प्रेरणा मोबाइलवरच गाजलेल्या 'कैरोसॉफ्ट'च्या 'गेम डेव्ह स्टोरी'ची. विक्री सुरू होताच भावांनी स्वतःच गेमची 'क्रॅक' केलेली आवृत्ती टॉरेंटवर चढवली. ती खऱ्या गेमसारखीच होती, फरक एकच. काही तास खेळून कंपनी जरा बाळसे धरू लागली की पडद्यावर निरोप यायचा, की लोक आपला गेम खेळतात पण विकत घेत नाहीत, फुकट उतरवून घेतात. मग गेम कितीही चांगला बनवा, शिल्लक घटत जायची आणि दिवाळे ठरलेले.

पहिल्या दिवसाचा आकडा भावांनी जाहीर केला. 214 जणांनी पैसे भरले होते आणि 3,104 जण चोरीची आवृत्ती खेळत होते, म्हणजे 93.6 टक्के. खरी गंमत पुढे झाली. फुकट्यांपैकी काहींनी चक्क तक्रार मांडली की चोरांमुळे आपली कंपनी बुडते आहे, आणि या खेळात चोरीविरोधी तंत्रज्ञानावर संशोधन करायची सोय आहे का? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा छापील पुराव्यासह क्वचितच सापडतात.

प्रयोगाला टाळ्या मिळाल्या, फुकटची प्रसिद्धी मिळाली, विक्रीही वाढली. टीकाही झाली. कल्पना दुसऱ्याच्या गेमवरून घेणाऱ्यांनी चोरीवर प्रवचन द्यावे का, असे काहींनी विचारले. तरी क्लुग बंधूंचे वेगळेपण मान्य करायला हवे. त्यांनी कुलपावर एक पैसाही घातला नाही, उलट चोरी हाच गेमचा एक भाग करून टाकला. 2017 च्या अखेरीस गेम मोबाइलवर आला तेव्हा दिवाळे काढणारी ती आवृत्ती 'पायरेट मोड' या नावाने, अतिशय अवघड पातळी म्हणून, विकत घेणाऱ्यांसाठी रीतसर ठेवली गेली. पण ही युक्ती एकदाच चालते. दुसऱ्या स्टुडिओने तीच केली तर ती बातमी होत नाही.

बाकीच्यांनी मॅडफिंगरची वाट धरली. टोरांटोच्या 'स्नोमॅन'चा 'ऑल्टोज अ‍ॅडव्हेंचर' फेब्रुवारी 2015 मध्ये आयफोनवर दोन डॉलरना विकला गेला. वर्षभराने तोच अँड्रॉइडवर आला तो फुकट, जाहिरातींसह. त्याचे अँड्रॉइडवरचे प्रकाशक 'नूडलकेक' चोरीचा अनुभव आधीच घेऊन बसले होते. गेम तोच, पण एका बाजूला डोंगरावरची संध्याकाळ आणि दुसऱ्या बाजूला त्याच संध्याकाळीत घुसणारा व्हिडिओ. जाहिरात दाखवायची आणि वर नाणी, हिरे, 'जीव' विकायचे, तर खेळही त्याच बेताने रचावा लागतो: मध्येच थांबवणारा, वाट बघायला लावणारा, रोज बोलावणारा. एकदा पैसे भरून शांतपणे शेवटपर्यंत खेळायचा छोटा गेम या रचनेत बसत नाही. चोरीने झालेले खरे नुकसान इथे शोधायला हवे. बुडालेल्या डॉलरांपेक्षा न बनलेल्या गेमची संख्या मोठी असणार, आणि ती कुठल्याच तक्त्यात येत नाही.

शिवाय 'आतली खरेदी' तरी सुरक्षित होती का? जुलै 2012 मध्येच एका रशियन प्रोग्रामरने आयफोनवर खोट्या पावत्या देऊन नाणी फुकट मिळवण्याची सोय उघड केली. मग पावती आपल्या सर्व्हरवर तपासणे आले, म्हणजे सर्व्हरचे मासिक भाडे आले. मोठ्या कंपनीला ते किरकोळ. दोन माणसांच्या स्टुडिओला घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे.

चोरीचा दुसरा प्रकार याहून निर्लज्ज आहे, आणि त्याला मॉड एपीके वाटणारे टेलिग्राम चॅनेल लागत नाही. तो अधिकृत दुकानात, नोंदणीकृत खात्यावरून चालतो. 'थ्रीज' बनवायला अ‍ॅशर व्होल्मर आणि ग्रेग वोलवेंड यांना चौदा महिने लागले. फेब्रुवारी 2014 मध्ये तो आला आणि काही आठवड्यांत त्याच्या नकलांची रांग लागली. त्या रांगेतून पुढे आलेला '2048' एका एकोणीस वर्षांच्या इटालियन मुलाने एका शनिवार-रविवारात लिहिला होता, तोही फुकट. जग '2048' खेळले. पुढच्या वर्षी 'थ्रीज'लाही जाहिरातींसह फुकटची आवृत्ती काढावी लागली. कल्पनेवर स्वामित्व हक्क नसतो, हे कायद्याचे तत्त्व योग्यच आहे. पण आयत्या बिळावरच्या नागोबांना त्याचा आधार मिळतो.

ल्युका गलांते यांच्या 'व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स'बाबत तर कल्पनेचा प्रश्नच उरला नव्हता. संगणकावर तो गाजल्यानंतर मोबाइलसाठी खेळणाऱ्याला न लुबाडणारा भागीदार ते शोधत होते. तोवर मोबाइलच्या दुकानांत नकला भरल्या. नुसत्या सारख्या दिसणाऱ्या नव्हेत, तर उचललेला कोड आणि चित्रे तशीच वापरणाऱ्या, असे स्टुडिओनेच सांगितले. अखेर डिसेंबर 2022 मध्ये त्यांनी घाईने गेम फुकट आणला. जाहिरात आहे, पण खेळणाऱ्याने स्वतः मागितली तरच. गुगलचे ओळखपत्र अशा नकलाकारांना अडवणार नाही. दुकानात खाते उघडताना त्यांनी ते आधीच दिलेले असते.

आपल्याकडे कायदा कडक आहे. स्वामित्व हक्क कायद्याच्या कलम 63ब प्रमाणे चोरीचे सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणाऱ्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण मॉड एपीके खेळणाऱ्या पोराला कोर्टात खेचण्याच्या फंदात कोण पडणार? त्यापेक्षा जास्त काम किमतीने केले असते. प्ले स्टोअरवर भारतात अ‍ॅपची किमान किंमत जुलै 2015 पर्यंत 50 रुपये होती, तेव्हा कुठे ती 10 रुपयांवर आली. पैसे भरायची सोपी सोय तर त्यानंतर आली. तोवर 'गेम फुकटच असतो' ही सवय एका पिढीच्या अंगवळणी पडली होती.

वर्गणीचा मार्ग आकर्षक वाटतो, कारण तिथे चोरण्यासारखे काही उरत नाही. गुगलचा प्ले पास 2022 मध्ये महिना 99 रुपयांत भारतात आला. पुण्याच्या 'नोडिंग हेड्स गेम्स'चा 'राजी' मोबाइलवर पोचला तो नेटफ्लिक्समार्फत. पण जुलै 2025 मध्ये नेटफ्लिक्सने वीसहून अधिक गेम काढून टाकले. त्यांत 'राजी' होता आणि 'मॉन्युमेंट व्हॅली'चे तिन्ही भागही. स्टुडिओंनी आता अशा करारांत एक कलम हट्टाने मागायला हवे: सेवेवरून उतरवल्याच्या दिवशीच तो गेम एकरकमी किमतीला स्वतः विकण्याचा हक्क. गिऱ्हाईक नाही ही सबब चालणार नाही. 'मॉन्युमेंट व्हॅली 2'च्या पहिल्या वर्षाच्या उत्पन्नातला 60 टक्क्यांहून मोठा वाटा आला तो चीनमधून, चोरीसाठी ज्याचे नाव सगळ्यात आधी घेतले जाते त्या बाजारातून. आणि 'बालाट्रो' हा गेम सप्टेंबर 2024 मध्ये मोबाइलवर आला तो दहा डॉलरना, एकही जाहिरात न घेता. त्याच्या फुकट प्रती शोधणाऱ्याला आजही सापडतील. तरी तो विकला जातो आहे.