लाकूड, लोखंड की स्लॅब?

२१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे भिवंडीत एक तीन मजली इमारत झोपलेल्या कुटुंबांवर कोसळली. तेव्हापासून वज्रेश्वरी परिसरात घर बांधणारे पालक आम्हांस विचारतात : लाकूड, लोखंड की काँक्रीटचा स्लॅब?

तानसाकाठच्या पावसात तिन्हींचा वैरी एकच, पाणी. सागाचा वासा कुजला की दिसतो, बदलता येतो. लोखंडी कैचीचा गंजही उघडाच असतो. स्लॅबचे दुखणे मात्र आत दडते. सच्छिद्र काँक्रीटमधून ओल व हवा सळईपर्यंत पोहोचते. गंजताना लोखंड फुगते आणि खालचा थर फोडते. म्हणून पावसात भिजणाऱ्या काँक्रीटसाठी भारतीय मानक ४५६ सळईवर ३० मि.मी. आच्छादन मागते आणि सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीस २५ लिटरांहून अधिक पाणी नको म्हणते. (ओल्या वाळूतले पाणीही यातच मोजावे, ते सहसा कुणी मोजत नाही.) माल सैल व्हावा म्हणून ओतलेली जादा बादली सुकताना असंख्य सूक्ष्म छिद्रे मागे ठेवते. सळईखाली खडीचे तुकडे नकोत, सिमेंटचे कव्हर ब्लॉकच ठेवावेत.

जुन्या छताला सळईच्या रेषेत तांबूस डागांसह भेग दिसल्यास ती गिलाव्याने झाकू नये. आधी स्थापत्य अभियंत्यास बोलवावे.