दामूअण्णांची बाटली

दिग्दर्शक मास्टर विनायक आणि लेखक अत्रे म्हटलं की लोकांना १९३८चा ‘ब्रह्मचारी’ आठवतो, आणि त्यातही पोहण्याच्या पोशाखातली मीनाक्षी. कोल्हापूरच्या हंस पिक्चर्ससाठी याच जोडीने लगेच पुढच्या वर्षी केलेली ‘ब्रँडीची बाटली’ मात्र विस्मरणात गेली. निव्वळ विनोदाच्या मापाने ती मला ‘ब्रह्मचारी’पेक्षा सरस वाटते.

याचं श्रेय दामूअण्णा मालवणकरांना. तिरळा डोळा, रंगभूमीवर घोटलेलं टायमिंग. असा नट एरवी नायकाचा मित्र किंवा गडी व्हायचा. इथे तोच नायक झाला: नगरपालिकेतला भोळाभाबडा कारकून बगाराम. मालतीवर त्याचा जीव जडलेला. तिच्या घरच्या आजारपणात ब्रँडी हवी असते, आणि ती म्हणजे नेमकं काय हेच या सोवळ्या गड्याला ठाऊक नसतं. मग बाटलीसाठी जी वणवण सुरू होते, तिच्यात भले भले उघडे पडतात. नगरपालिकेचा कारभार अत्र्यांनी पुण्यात नगरसेवक म्हणून आतून पाहिला होता, त्यामुळे तो कारकून असा हुबेहूब उतरला असावा.

वेळही कशी साधली पाहा. काँग्रेस सरकारने १ ऑगस्ट १९३९ला मुंबईत दारूबंदी लागू केली.

त्या काळातल्या फिल्मा नायट्रेटच्या. काही जळाल्या, काही चांदी काढण्यासाठी धुतल्या गेल्या. त्यामुळे संग्राहकांचा जीव अडकतो तो कागदात. थिएटरात विकली जाणारी गाण्यांची पुस्तिका म्हणजे चार-आठ पानांचं चोपडं. त्यात नटांची नावं, गाणी आणि ऐन रंगात तोडलेलं कथानक. पुढचं पडद्यावर पाहा! कागद बोटाला लागताच तुटतो, पिनेच्या गंजाचा डाग पार शेवटच्या पानापर्यंत उतरलेला असतो. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात असलं काही निघालं की विक्रेता आधी गिऱ्हाइकाचा चेहरा वाचतो, मग किंमत सांगतो. त्यात ‘ब्रँडीची बाटली’ हे शीर्षक असलं, तर चेहरा लपवणं कठीणच.

तुमच्या माळ्यावर अशी पुस्तिका सापडली तर रद्दीत घालू नका, लॅमिनेट तर मुळीच करू नका. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, तिथे दाखवा.