दोन मॉनिटर, आवाज नाही: दुकानाच्या कॉम्प्युटरला ग्राफिक्स कार्ड कसं निवडाल?



समजा, कळंबमध्ये दहा बाय दहाच्या गाळ्यात तुम्ही फ्लेक्स डिझाइन, लग्नपत्रिका आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान टाकताय. एक मॉनिटर तुमच्यासमोर, दुसरा गिऱ्हाईकाकडे वळवलेला. गिऱ्हाईक नावातली चूक प्रिंटच्या आधीच पकडतं, फ्लेक्स वाया जात नाही. कल्पना चांगलीच आहे. पण लगेच कोणीतरी सांगतं, "दोन मॉनिटर म्हणजे मोठं ग्राफिक्स कार्ड लागणारच." इथं थांबा. भांडवल तुमचं आहे.

१. आधी बघा, कार्ड लागतंय का?
बऱ्याच प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आतच असतं. मदरबोर्डला मागे एचडीएमआय, डिस्प्ले पोर्ट किंवा व्हीजीए यांपैकी दोन पोर्ट असतील, तर दोन मॉनिटर बहुतेक तसेच चालतात. नवीन मशीन घेताना नाव नीट वाचा. इंटेलच्या आय५-१२४०० मध्ये ग्राफिक्स आहे, १२४००एफ मध्ये नाही. रायझन ५ ५६००जी मध्ये आहे, साध्या ५६०० मध्ये नाही. सगळ्यात शांत कार्ड म्हणजे न घेतलेलं कार्ड!

२. कार्ड लागणारच असेल, तर वॅट बघा
आवाज पंख्याचा असतो आणि पंखा उष्णतेमुळे फिरतो. जेवढे वॅट कमी, तेवढी उष्णता कमी. जीटी १०३० साधारण ३० वॅटचं कार्ड आहे. त्याची बिनपंख्याची मॉडेल्स येतात, त्यात फक्त ॲल्युमिनियमचा हीटसिंक असतो. टायपिंग, फॉर्म, साधं डिझाइन यासाठी ते पुरतं. पण व्हिडिओ एक्स्पोर्टचा वेग वाढवणारा एन्कोडर त्यात नाही. व्हिडिओ एडिटिंगचा धंदा असेल, तर आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी मॉडेल बघा. ते ७० वॅटचं आहे. मदरबोर्डचा स्लॉट ७५ वॅटपर्यंत वीज देतो, त्यामुळे त्याला सहसा वेगळी पॉवर केबल लागत नाही. काही कार्डांचा पंखा काम हलकं असताना पूर्ण बंद राहतो. घेण्याआधी "झिरो फॅन आहे का?" एवढं विचारा. कमी वॅटचा आणखी एक फायदा म्हणजे लाइट गेल्यावर यूपीएसवर कामं सेव्ह करायला जास्त वेळ मिळतो.

३. पोर्ट जुळवा
जुना मॉनिटर व्हीजीएचा आणि कार्डला फक्त एचडीएमआय, हा घोळ नेहमीचा. साधी केबल चालत नाही, ॲक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो. त्याचा खर्च आधीच धरा. कॅबिनेट बारीक असेल तर लो प्रोफाइल कार्ड मागा, नाहीतर झाकण लागणार नाही.

४. उन्हाळा आणि धूळ विसरू नका
बिनपंख्याच्या कार्डालाही हवा लागतेच. पत्र्याच्या गाळ्यात, मे महिन्यात, बंद कॅबिनेटमध्ये ते तापणार. म्हणून कॅबिनेटला मोठा, १२० मिमीचा एक पंखा हळू वेगात ठेवा. मोठा पंखा हळू फिरूनही पुरेशी हवा देतो, म्हणून आवाज कमी. रस्त्याकडेचं दुकान असेल, तर उसाच्या ट्रॅक्टरची धूळ आत येतेच. मशीन टेबलावर ठेवा आणि ठरावीक दिवसांनी साफ करा. दोन्ही मॉनिटर ६० हर्ट्झवर ठेवा. वेगवेगळ्या रिफ्रेश रेटमुळे काही कार्ड रिकामी असतानाही तापतात.

५. आवाज नक्की कुठून येतोय?
जुनं मशीन घोंघावत असेल, तर बाजूचं झाकण काढून कान द्या. पुष्कळदा आवाज प्रोसेसरच्या किंवा एसएमपीएसच्या पंख्याचा असतो. मग नवीन कार्ड घेऊन काय उपयोग? पंखा साफ करा किंवा बदला. एसएमपीएस मात्र घरी उघडू नका, शॉकचा धोका असतो.

६. पक्कं बिल घ्या
वॉरंटीला बिल लागतं. तुम्ही नियमित जीएसटीत नोंदणीकृत असाल, तर बिलावर तुमचा नंबर टाकून घ्या, भरलेल्या कराचं क्रेडिट मिळू शकतं. कंपोझिशन स्कीममध्ये ते मिळत नाही.

मित्रांनो, शांत मशीन हा नुसता शौक नाही. छोट्या गाळ्यात गिऱ्हाईकाचं बोलणं नीट ऐकू आलं पाहिजे, आणि जाहिरातीचा आवाज रेकॉर्ड करताना मागे घरघर नको. आजच एक काम करा: मशीनच्या मागचे पोर्ट मोजा आणि प्रोसेसरचं पूर्ण नाव कागदावर लिहा. तो कागद घेऊनच दुकानात जा. वाचलेले पैसे पहिल्या महिन्याच्या कागद-शाईला लावा!