मक्यावरचा परका पतंग

२०१८ साली हैदराबादेभोवतालच्या तेलंगणातील मक्यावर एक परका पतंग उतरला. हा मूळचा अमेरिका खंडातला; २०१६ मध्ये आफ्रिकेत आणि मे २०१८ मध्ये कर्नाटकात प्रथम आढळला. पुढे त्याच वर्षी आपल्या सोलापुराकडेही आला. पतंग दिसावयास गरीब. घात करते ती त्याची अळी. मादी रात्री पानावर १०० ते २०० अंड्यांचा पुंजका घालून त्यावर अंगची लव पसरते. २-३ दिवसांत निघालेल्या अळ्या पोंग्यात शिरून कोवळी पाने कुरतडतात, २-३ आठवड्यांनी मातीत उतरून कोष करतात आणि महिन्याभरात नवे पतंग उडू लागतात. अळीच्या डोक्यावर उलटे इंग्रजी वाय अक्षर व शेपटीजवळ चौकोनात चार काळे ठिपके असतात. पोंग्यात भुशासारखी विष्ठा दिसेपर्यंत थांबू नये, असे आम्ही शेतकरी बंधूंस सुचवितो. पीक लहान असतानाच पुंजके हातांनी चुरडावेत.