विश्लेषण : जखमेवरच्या हळदीला अमेरिकेत पेटंट कसे मिळाले? चार अध्यक्षांच्या धोरणांशी संबंध काय?

शिरड शहापूर : औंढा नागनाथ तालुक्यातील शिरड शहापूर हे हळद पट्ट्यातील गाव. खरचटले की जखमेवर हळद लावायची, हे इथे कुणाला शिकवावे लागत नाही. हाच उपाय १९९५ मध्ये अमेरिकेत 'नवा शोध' ठरला होता.

नेमके प्रकरण काय?

बिल क्लिंटन अध्यक्ष असताना, मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. ते पिकावर नव्हते आणि अमेरिकेपुरतेच होते. त्यामुळे हिंगोलीत हळद लावण्यावर बंदी येणार नव्हती. मात्र, अमेरिकेत जखमेवरचे औषध म्हणून हळद विकण्याचा हक्क पेटंटधारकाकडे गेला होता.

अध्यक्षांचा संबंध काय?

पेटंट अध्यक्ष देत नाहीत, पेटंट कार्यालय देते. पण जपानी मालाशी स्पर्धा वाढल्यावर ज्ञानाची मालकी हा अमेरिकी धोरणाचा कणा बनला.

- जिमी कार्टर : निवडणूक हरल्यानंतर, डिसेंबर १९८० मध्ये बे-डोल कायद्यावर सही. सरकारी निधीतील संशोधनाचे पेटंट विद्यापीठांना स्वतःकडे ठेवता येऊ लागले.
- रोनाल्ड रेगन : १९८८ च्या व्यापार कायद्याने 'स्पेशल ३०१' आले. पेटंटला पुरेसे संरक्षण न देणाऱ्या देशांची दरवर्षी यादी सुरू.
- थोरले जॉर्ज बुश : १९९१ मध्ये भारत या यादीच्या सर्वांत कडक गटात.
- बिल क्लिंटन : डिसेंबर १९९४ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या करारांना मान्यता देणाऱ्या कायद्यावर सही. पेटंटचे किमान नियम सदस्य देशांना बंधनकारक.

दोन रिपब्लिकन, दोन डेमोक्रॅट, दिशा एकच.

पेटंट रद्द कसे झाले?

तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात एक मेख होती. परदेशातील वापर कितीही जुना असला, तरी छापील पुरावा नसेल तर तो ग्राह्य नव्हता. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असलेल्या 'सीएसआयआर'ने १९९६ मध्ये पेटंटला आव्हान दिले. संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांसह ३२ संदर्भ सादर केले. १९९७ मध्ये पेटंटचे दावे फेटाळले गेले.

आता धोका टळला का?

बराक ओबामा यांच्या काळातील २०११ च्या कायद्याने ही मेख काढली. परदेशातील जाहीर वापरही आता पुरावा ठरतो, पण तो तपासणाऱ्या अधिकाऱ्यापर्यंत पोहोचायला हवा. भारताचे पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय मुख्यतः ग्रंथांवर आधारलेले आहे. वसमत हळदीला २०२४ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकनही नावाचे रक्षण करते, औषधी वापराचे नाही.

गावातील तोंडी माहितीसाठी २००२ च्या जैवविविधता कायद्यात 'लोकजैवविविधता नोंदवही'ची तरतूद आहे. ती ग्रामपंचायतीच्या समितीने भरायची असते. जाणत्या माणसांकडचे उपाय त्यात उतरले, तरच पुढच्या वादात ते कागदावर दाखवता येतील.